परदेशी निघताना गावच्या घराचे काय करावे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आदरणीय ताई, मी चिपळूणच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. माझे माहेर गुहागर तालुक्यातील समुद्रालगतच्या एका गावात आहे. जांभ्या दगडाचे कौलारू घर, पुढे पडवी आणि ओटी, मागे विहीर आणि नारळ-पोफळीचे आगर, असा हा सारा पसारा माझ्या आजोबांनी उभा केला. सासर जवळच असल्यामुळे लग्नानंतरही माझा सुट्टीचा दिवस त्याच घरात जात आला, आणि माझी आठ वर्षांची मुलगी तिथल्याच ओटीवर रांगायला लागली. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेव्हापासून आई तिथे एकटी राहते. आता मला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नोकरी मिळाली असून जानेवारीत आम्ही तिघे निघणार आहोत. भाऊ डोंबिवलीला असतो. तो आईला आपल्याकडे नेणार आहे आणि घर-आगर विकून टाकावे असे त्याचे म्हणणे आहे. पुण्याचे एक गृहस्थ चांगली किंमत द्यायला तयार आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी मी सही करून मोकळे व्हावे, असा त्याचा आग्रह आहे. आई काहीच बोलत नाही. मी जाते आहे म्हणून हे घर मोडते आहे, असे मला सारखे वाटते आणि रात्र-रात्र झोप लागत नाही. मुलगी रोज विचारते, "आपण गणपतीला येणार ना?" तिला काय सांगू? विकायला होकार द्यावा का? आणि नाही म्हटले, तर इतक्या लांबून घर सांभाळायचे कसे?

– एक वाचक भगिनी, तालुका गुहागर

उत्तर : तुमच्या पत्रातले "आई काहीच बोलत नाही" हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. भाऊ बोलतो आहे, तुम्ही बोलता आहात, घेणारे गृहस्थही बोलत आहेत. पण जिचा सगळा संसार त्या घरात झाला, तिला कोणी नीट विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. एखाद्या रविवारी भाऊ नसताना, ती सुपारी सोलत किंवा तांदूळ निवडत बसली असताना तिच्याजवळ बसा आणि घर विकायचे का, असे न विचारता, "आई, पुढची काही वर्षे तुला कुठे राहायला आवडेल?" असे विचारा. विक्रीबद्दल विचारले तर ती तुम्हा दोघांची सोय पाहून उत्तर देईल. स्वतःच्या राहण्याबद्दल विचारले तर कदाचित मनातले सांगेल. पहिल्याच दिवशी उत्तर मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

तुम्ही जाता आहात म्हणून घर मोडते आहे, ही टोचणी मनातून काढून टाका, कारण ती खरी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासून आपल्या भागातली माणसे पोटासाठी घर सोडत आली आहेत. आधी आगबोटीने, मग एस.टी.ने, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यावर रेल्वेने ती जात राहिली. चाकरमान्याने घर सोडले म्हणून घरे पडली नाहीत. उलट त्यांनी पाठवलेल्या मनिऑर्डरींवरच ती शाकारली गेली, विहिरी बांधल्या गेल्या, भावंडांची लग्ने झाली. मात्र त्या काळी एक माणूस निघाला तरी मागे बायको, आई, धाकटा भाऊ असे कोणी ना कोणी राहात असे आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लागत असे. आज प्रश्न तुमच्या जाण्याचा नसून मागे कोण राहणार हा आहे, आणि तो तुम्ही चिपळूणला राहिलात तरी कधीतरी उभा राहणारच होता.

आता विक्रीविषयी. माझे मत स्पष्ट आहे : ज्या वर्षी माणूस देश सोडतो, त्या वर्षी त्याने घर विकू नये. व्हिसा, सामान, मुलीची शाळा, निरोप या धांदलीत घेतलेला निर्णय पुढे दुरुस्त करता येत नाही, आणि थांबल्याने तुमचे कायदेशीर नुकसानही होत नाही. परदेशी गेल्यावर गावची जमीन ठेवता येत नाही, असा एक समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, भारतात राहात असताना मिळालेली किंवा वारसाने आलेली जमीन, शेतजमीनसुद्धा, अनिवासी झाल्यावरही तुमच्याकडे राहू शकते. अनिवासी म्हणून नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि असलेली विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, एवढे बंधन आहे. पुढे कधी न्यूझीलंडचे नागरिकत्व घेतलेत तर भारताचे नागरिकत्व संपते, पण वारसाने आलेल्या जमिनीवरचा हक्क तेवढ्याने जात नाही. विक्री करायचीच झाली तर ती दोन वर्षांनीही करता येईल; फक्त अनिवासी व्यक्तीला मिळणाऱ्या पैशावरच्या कराचे नियम वेगळे असल्यामुळे तेव्हा सनदी लेखापालाचा सल्ला आधी घ्या.

"सही करून मोकळे व्हावे" म्हणजे नेमकी कोणत्या कागदावर सही, हेही भावाला शांतपणे विचारा. तो कागद खरेदीखताचा, म्हणजे विक्रीचा असेल, किंवा हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा सोडून देण्याचा असेल, आणि या दोन्हींत फार अंतर आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांच्या मालमत्तेत आई, तुम्ही आणि भाऊ या तिघांचा सारखा वाटा आहे, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच असल्याचे २००५ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. भावाचा हेतू वाईट आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. गावातल्या बंद घराची काळजी डोंबिवलीत बसून करणे त्यालाही जड जात असेल, आणि आईला सांभाळण्याची तयारी त्याने दाखवली आहे, ही लहान गोष्ट नव्हे. पण कागद न वाचता प्रेमाने केलेल्या सह्यांमुळेच बहीण-भावांचे बोलणे पुढे बंद झालेले मी या सदरात आलेल्या पत्रांतून अनेकदा वाचले आहे. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती सामान्यतः शेतकरी असलेल्या व्यक्तीलाच विकत घेता येते, तेव्हा पुण्याचे गृहस्थ शेतकरी आहेत का, हेही पाहावे लागेल.

विकायचे नाही म्हटल्यावर दुसरा धोका येतो, तो कुलपाचा. कोकणातले कौलारू घर बंद ठेवून टिकत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माडाची झावळी पडून किंवा वानरांच्या उड्यांनी एक कौल सरकते, तिथून पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर उतरते, आणि घरात माणूस असेल तर त्याच रात्री खाली घमेले ठेवून सकाळी कौल सारखे केले जाते. माणूस नसेल तर तेच पाणी चार महिने मुरते, दमट लाकडाला वाळवी लागते, वासा खचतो आणि पुढच्या पावसाळ्यात आढ्यापासूनचा एक भाग बसतो. पूर्वी चुलीच्या धुराने आणि उबेने छपराचे लाकूड कोरडे राही. बंद घरात तेही नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कौले आणि पत्रे उडाले, आगरे आडवी झाली, आणि पाठोपाठ पावसाळा सुरू झाला. अशा वेळी छपरावर ताडपत्री टाकायला माणूस जागेवरच असावा लागतो. आगराचे गणितही असेच आहे : पोफळीला पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंत शिंपण लागते, आणि एक उन्हाळा पाणी तुटले तर वर्षानुवर्षे वाढवलेली झाडे माना टाकतात.

म्हणून घर ठेवायचे असेल तर ते एखाद्या कुटुंबाच्या हवाली करा. वाडीतले कोणी जोडपे, शिक्षक, ग्रामीण रुग्णालयातले कर्मचारी, ज्यांना राहायला जागा हवी आहे असे लोक आपल्याकडे असतात. त्यांना घराचा राहता भाग द्या, आगराचे उत्पन्न ठरावीक वाट्याने द्या, आणि शाकारणीचा, विजेच्या पंपाचा, घरपट्टीचा खर्च मात्र तुम्ही उचला. हा खर्च घरात राहणाऱ्यावर टाकला की शाकारणी पुढे ढकलली जाते, हा सगळीकडचा अनुभव आहे. करार लेखी आणि मुदतीचा असावा, वकिलाकडून करून घ्यावा, आणि सातबाऱ्यावरील पीक पाहणीत, म्हणजे जमीन कोण कसतो याच्या नोंदीत, कोणाचे नाव लागते आहे, हे दरवर्षी पाहावे. जमीन कसणाऱ्या कुळाला तिचा मालक करणाऱ्या कूळकायद्याच्या आठवणी कोकणात अजून ताज्या आहेत. त्या भीतीपोटी लोक घर कोणालाच देत नाहीत आणि घर पडते. नीट लिहिलेला कागद हाच या भीतीवरचा उपाय आहे. आईची इच्छा असेल तर ती पावसाळा डोंबिवलीत आणि बाकीचे महिने गावी राहू शकेल. घरात सोबत असेल तर तिला एकटीने राहण्याची धास्तीही उरणार नाही.

जानेवारीपूर्वी काही कागदांची कामे मात्र उरकाच. वडिलांच्या नावावरच्या जमिनीला तिघांची वारस नोंद झाली आहे का, हे तलाठ्याकडे पाहा; ग्रामपंचायतीच्या घर नोंदीतही नाव बदलावे लागते, ते लोक विसरतात. आईच्या किंवा भावाच्या नावे मर्यादित कुलमुखत्यारपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. त्यात कर भरणे, दुरुस्ती, वीज, सरकारी कार्यालयातले अर्ज एवढेच अधिकार द्या, विक्रीचा देऊ नका. हेच काम तिकडे गेल्यावर करायचे म्हटले तर भारतीय वकिलातीत जाऊन सही, मग तो कागद इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, असा लांबचा फेरा पडतो. बँकेतले खाते अनिवासी प्रकारात बदलून घ्या. सातबारा महाभूलेखवर आणि फेरफाराच्या नोटिसा आपली चावडी या संकेतस्थळावर ऑकलंडमधूनही पाहता येतात. दर तीन-चार महिन्यांनी त्या पाहण्याची सवय लावा.

यापेक्षा मोठे काम कोणत्याच कार्यालयात होणार नाही, ते आईबरोबर चालत करायचे आहे. आगराची हद्द कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत, शेजाऱ्याचा गडगा आपल्या बाजूला किती सरकला आहे, पावसाचे पाणी कोणाच्या परड्यातून वाहून जाते, विहिरीवर कोणाचा जुना हक्क आहे, पाखाडीवरची वहिवाट कोणाची, हे सगळे तुमच्या आईला पाठ असणार आणि कागदावर त्यातले बहुतेक काही नसणार. मुलीच्या हातात वही द्या. आई बोलेल तसे तिला घराचा आराखडा काढू द्या : ओटी, माजघर, देवघर, न्हाणी, वळई, पाणचूल कुठे, बाबांची खुर्ची कुठे. आंब्याच्या प्रत्येक कलमाला आणि माडाला घरात जे नाव पडले आहे, ते त्या त्या जागी लिहा. आईचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करा. जमल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करून हद्दी दाखवणाऱ्या मोजणी नकाशाची प्रत (तिला क प्रत म्हणतात) हीही घ्या. उद्या हद्दीचा वाद निघाला तर ही माहिती उपयोगी पडेल, आणि वाद निघाला नाही तरी तुमच्या मुलीपाशी तिच्या आजीचे घर खोलीखोलीने राहील. रात्रीची झोप उडवणारे दुःख हातांना असे काम मिळाले की थोडे सुसह्य होते, असे मला वाटते.

मुलीला खरे सांगा. न्यूझीलंडमधल्या शाळांचे वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीस सुरू होते आणि त्याची चार सत्रे असतात. मोठी सुट्टी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, आणि मधल्या तीन सुट्ट्या प्रत्येकी साधारण दोन आठवड्यांच्या, एप्रिल, जुलै आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर अशा. म्हणजे भाद्रपदातल्या गणपतीला तिला बहुतेक वर्षी येता येणार नाही, आणि "बघू" म्हणून तिला आशेवर ठेवणे हे नकारापेक्षा वाईट आहे. पण एप्रिलच्या सुट्टीत आंबा उतरत असतो, आणि डिसेंबरात कलमांना मोहोर येऊ लागलेला असतो, पोपटी आणि कुळथाच्या पिठल्याचे दिवस असतात. "गणपतीला नाही, पण एखाद्या वर्षी आंब्याला नक्की" असे ठोस वचन द्या आणि पैसे साठवून ते पाळा. गणपतीच्या दिवसांत तिकडे मराठी मंडळींची आरती असतेच. तिथे तिला न्या. मात्र गावच्या घरात त्या दीड, पाच किंवा सात दिवसांत गणपती कोण बसवणार, हे भावाशी आताच बोला. तो मुंबईहून येऊन बसवत असेल, तर त्याच्या मनातही घराविषयी काही शिल्लक आहे, असे समजून त्याच्याशी पुन्हा एकदा बोलता येईल.

सामानाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. न्यूझीलंडची जैवसुरक्षा तपासणी अत्यंत कडक आहे. घरची माती, झाडाची फांदी, बियाणे, ताजी फळे-भाज्या, मध यांतले काहीही नेऊ नका. आमसुले, कुळथाचे पीठ, फणसपोळी, लोणचे, मसाला असे जे काही खाद्य न्याल, ते उतरताना अर्जात जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू नाकारली गेली तर तेवढीच जाते, लपवलेली सापडली तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. हिराची केरसुणी, सूप यांसारख्या वस्तूही जाहीर कराव्या लागतात. आजीचा पाटा-वरवंटा न्यायचा असेल तर मातीचा कणही राहणार नाही असा घासून धुवा. वजन परवडत असेल तर जरूर न्या.

ऑकलंडचे घड्याळ भारताच्या पुढे असते, तिथल्या उन्हाळ्यात साडेसात तास आणि हिवाळ्यात साडेसहा. आई संध्याकाळी सात वाजता दिवा लावते तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असेल. तिच्या सकाळच्या चहाची वेळ फोनसाठी ठरवा, ती तुमची दुपार असेल. पाळीमुळे रोज जमणार नाही, पण आठवड्यातले ठरलेले दोन दिवस चुकवू नका. आणि आईने विचारपूर्वक, मनापासून "विकून टाका" असे सांगितले, तर तेही ऐका. मग घेणारा कोण, तो आगर ठेवणार की तोडणार, देवघरातले देव कोणाकडे जाणार, याची चौकशी करून, तिघांनी समोर बसून, वाटे आधी ठरवून विक्री करा. तसे झाले तर त्यात तुमच्याकडून घराशी दगा झाला, असे मी मानणार नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मालवण तालुक्यातील निवृत्त शिक्षक असून माझे वय ७१ आहे. मुलगा टोरंटोला स्थायिक आहे आणि आम्हा दोघांना कायमचे तिकडे बोलावतो आहे. पत्नीला नातवंडांची ओढ आहे. मी मात्र ज्या घरात जन्मलो ते सोडून जाण्याची कल्पना सहन करू शकत नाही. मुलाला नकार कसा द्यावा?

– एक वाचक, तालुका मालवण

उत्तर : गुरुजी, नकार देण्याची घाई करू नका, आणि कायमचा होकारही देऊ नका. कॅनडात आई-वडील, आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा नावाची सोय आहे. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण तितके राहावेच लागते असे नाही. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचे वैद्यकीय विमा संरक्षण लागते, त्याचा हप्ता या वयात बराच असतो आणि पूर्वीचे आजार कोणत्या अटीवर धरले जातात, हे मुलाने आधी नीट वाचावे.

तुमच्या पत्नीची ओढ ही तुमच्या घराच्या ओढीइतकीच खरी आहे. त्यांनीही लग्न झाल्यावर आपले जन्मघर सोडले होते, हे ध्यानात घेऊन त्यांच्याशी बोला. पहिल्या वर्षी घर शाकारून, विश्वासू शेजाऱ्याला किल्ली आणि खर्चाचे पैसे देऊन एप्रिलच्या मध्यास निघा आणि गणपतीपूर्वी परत या. टोरंटोतले त्यांतले बहुतेक दिवस उबदार आणि लांब उजेडाचे असतात, तुम्हाला बाहेर फिरता येईल. तिथला हिवाळा, बर्फावरचे घसरणे आणि दुपारी पाचच्या आतच पडणारा अंधार या वयात पहिल्याच खेपेला नको. शेजाऱ्याने पावसात दर दोन-तीन दिवसांनी घर उघडून कौलांखाली नजर टाकावी, एवढे त्याच्याकडून ठरवून घ्या. नातवंडांना रोज संध्याकाळी मराठी वाचायला शिकवा. ते काम तुमच्याइतके चांगले तिथे दुसरे कोणी करणार नाही. औषधांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह लिहून घ्या. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा परतीचे तिकीट ऑगस्टच्या पुढे ढकलायची वेळ आलीच, तर निदान ऑक्टोबरअखेर गावी पोहोचाल असे पाहा, म्हणजे ते काम तुम्हाला स्वतःच्या शाखेत जाऊनच करता येईल.